वीरगळ खालून वर वाचावा

दहनाची चाल असलेल्या समाजात थडगी नसतात, तेव्हा मृतांसाठी कोरलेले दगडही नसतील, असे कोणाला वाटले तर महाराष्ट्रातील कोणत्याही जुन्या गावाची वेस तो समज खोटा ठरवील. मारुतीच्या पाराला टेकलेले, शिवालयाच्या आवारात ओळीने मांडलेले, बारवेच्या काठी कलंडलेले, क्वचित धुण्याचा दगड म्हणून पालथे पडलेले जे कोरीव दगड आपल्याला दिसतात, त्यांतील बरेचसे वीरगळ असतात. त्यांच्याखाली सहसा कोणाची हाडे नसतात. लढताना पडलेल्या माणसाची ती आठवण असते आणि ती त्याच्या गावाने, घरच्यांनी किंवा धन्याने उभी केलेली असते. शिलाहार आणि यादव यांच्या काळात ही पद्धत महाराष्ट्रात भराला आली आणि त्यानंतरही दीर्घकाळ चालू राहिली. साताऱ्याकडे चंदन-वंदन गडांच्या परिसरातील किकलीच्या भैरवनाथाच्या आवारात किंवा बारामती तालुक्यातील लोणी भापकर येथे गेल्यास हे दगड एका जागी किती दाटीने उभे राहू शकतात हे पाहायला मिळते.

या दगडांविषयी मला सर्वांत विलक्षण वाटत आलेली गोष्ट ही की, त्यांवर सगळे काही असते, फक्त नाव नसते. कर्नाटकातील वीरगळांवर लेख पुष्कळदा आढळतात; कोण, कोणाच्या राज्यात, कोणत्या कारणाने पडला हे तिथे वाचता येते. महाराष्ट्रात लेख असलेला वीरगळ सापडणे ही अभ्यासकाच्या दृष्टीने मेजवानीच असते. इथे जे सांगायचे ते चिन्हांनी सांगितलेले आहे, आणि ही चिन्हेही पाथरवटाने दर वेळी नव्याने शोधलेली नाहीत. मांडणी ठरलेली, कप्पे ठरलेले, त्यांचा क्रमही ठरलेला. म्हणूनच माझे असे मत झाले आहे की वीरगळ पाहताना आधी हा ठरलेला साचा पाठ करावा आणि मग प्रत्येक दगडावर त्या साच्यापासून वेगळे काय आहे तेवढेच शोधावे, कारण मेलेला माणूस त्या वेगळेपणातच उरलेला असतो.

साचा समजून घेण्यासाठी पुरंदर तालुक्यातील एका गावी, महादेवाच्या देवळामागे चिंचेखाली उभा असलेला एक दगड घेतो. तो कमरेइतका उंच असून त्यावर एकावर एक असे चार कप्पे आहेत. वाचन खालून सुरू करायचे. तळाच्या कप्प्यात एक पुरुष उताणा पडला आहे आणि त्याच्या उजव्या मुठीत अजून तलवार आहे. त्याच्या वरच्या अंगाला गाई ओळीने उभ्या आहेत, आणि शेवटच्या गाईच्या कासेला एक वासरू लागले आहे. त्यावरच्या कप्प्यात तोच पुरुष उभा राहून लढतो आहे. डाव्या हाती ढाल, उजव्या हाती तीच तलवार, समोर एक घोडेस्वार आणि दोन पायदळ. शत्रू त्याच्याहून ठेंगणे कोरलेले आहेत, कारण इथे आकार शरीराचा नसून मानाचा असतो. तिसऱ्या कप्प्यात दोन अप्सरांनी त्याला दोन्ही बगलांना धरून उचलले आहे. चौथ्या कप्प्यात मधोमध शिवलिंग, एका बाजूला पूजा करणारा पुजारी आणि दुसऱ्या बाजूला गुडघे टेकून हात जोडलेला आपला वीर. सर्वांच्या वर कलश, आणि त्याच्या दोन्ही अंगांना सूर्य व चंद्रकोर.

या दगडावर मला आवडलेली गोष्ट म्हणजे त्या माणसाच्या हातांचा प्रवास. तळाला मुठीत शस्त्र आहे, पण ते निकामी झाले आहे. त्यावर तेच शस्त्र उगारलेले आहे. अप्सरांच्या कप्प्यात हात रिकामे आहेत, आणि शेवटी ते जोडलेले आहेत. घटनेचा क्रम लावायचा तर लढाई आधी आणि मरण नंतर यायला हवे, परंतु पाथरवटाने मरण तळाशी, जमिनीच्या लगत ठेवले. पुढची वाट वर जाणारी आहे, त्यामुळे पडलेला देह जमिनीशीच असणे त्याला योग्य वाटले असावे. आपण पुस्तकाच्या पानाप्रमाणे वरून खाली पाहू लागलो की देवपूजेपासून सुरुवात करतो आणि प्रेतापाशी येऊन थांबतो, म्हणजे दगड जे सांगतो त्याच्या नेमके उलटे आपल्या पदरात पडते. सोबत आलेल्या मंडळींना मी म्हणूनच आधी खाली बसायला सांगतो.

तिसऱ्या कप्प्यातील अप्सरा पाहून हल्लीचे लोक थोडे हसतात, परंतु त्या काळच्या समजुतीत तो केवळ अलंकार नव्हता. ‘जितेन लभ्यते लक्ष्मीर्मृतेनापि सुराङ्गना’, जिंकलास तर लक्ष्मी मिळेल आणि मेलास तर देवांगना, हा श्लोक कन्नड मुलखातील वीरगळांच्या लेखांत वारंवार येतो. आपल्याकडच्या मुक्या दगडांवर हाच श्लोक चित्रात उतरवला आहे, असे म्हणायला हरकत नाही. लढवय्या माणसाची जी सोय समाज करू शकत होता ती या कप्प्यात आहे: मागे राहिलेल्या कुटुंबाला, आणि उद्या लढायला जाणाऱ्या पोरांना, तो कुठे गेला याचे उत्तर. शेवटच्या कप्प्यातील देवावरून त्या वीराचा किंवा त्याच्या माणसांचा पंथही कळतो. बहुतेक ठिकाणी शिवलिंग असते. जिथे त्या जागी आसनस्थ जिनमूर्ती येते तिथे तो वीर जैन होता हे उघड आहे, आणि दक्षिणेकडे जावे तसे असे दगड अधिक भेटतात.

सूर्य-चंद्रांचा अर्थ सर्वांना ठाऊक असतो: आकाशात ते आहेत तोवर ही कीर्ती टिको. दानपत्रांतील ‘आचंद्रार्क’ तेच सांगते. मात्र नेमकी हीच जोडी गद्धेगाळावरही असते, आणि त्यामुळे होणारा घोटाळा मी कितीतरी वेळा ऐकला आहे. गद्धेगाळ हा स्मारकाचा दगड नव्हे, तो दानाचा आणि शापाचा दगड आहे. वर कलश व सूर्य-चंद्र, मध्ये दानाचा लेख आणि खाली गाढव व स्त्री यांचे ते ओंगळ शिल्प, म्हणजे हे दान जो मोडील त्याला दिलेली शिवी. अलिबागजवळच्या अक्षीचा प्रसिद्ध शिलालेख याच जातीचा आहे. वरचा भाग तेवढा पाहून त्याला वीरगळ म्हणून मोकळे होणारे, खाली काय आहे ते पाहत नाहीत. सूर्याविषयी एक शंका मात्र मी स्वतःच्या जबाबदारीवर नोंदवतो. योगयुक्त संन्यासी आणि रणात समोरासमोर मारला गेलेला योद्धा हे दोघेच सूर्यमंडळ भेदून पलीकडे जातात, असे एक जुने वचन आहे. वीरगळाच्या शेंड्यावरचा सूर्य ही कालमर्यादा तर आहेच, पण तो त्या वाटेवरचा दरवाजाही असू शकेल. याला पुरावा नाही, परंतु दगडासमोर उभे राहिल्यावर हा विचार मनातून जात नाही.

आता वेगळेपणाकडे येतो. तळाच्या कप्प्यात गाई असल्या तर त्या माणसाने पळवून नेली जाणारी गुरे सोडवताना जीव दिला, असा अर्थ करतात. गुरे हेच धन असलेल्या दख्खनच्या कोरड्या पट्ट्यात गाईंसाठीचे झुंज ही काही लहानसहान भानगड नव्हती. राजांच्या लढायांपेक्षा असल्या चकमकींत माणसे अधिक पडली असतील, असे मला वाटते. गुंथर सोन्थायमर यांच्यासारख्या अभ्यासकाने धनगर-गवळ्यांचे जग आणि हे दगड एकत्र पाहिले, ते याच कारणाने. पंढरपूरच्या विठ्ठलाच्या उगमाशी गाईंसाठी पडलेल्या अशा एखाद्या वीराचे स्मरण असावे, असेही मत मांडले गेले आहे. ते सर्वांना मान्य नाही, पण मुळात असे सुचावे इतकी या दगडांची आणि लोकदेवतांची घसट आहे. काही दगडांवर गाईंच्या जागी वाघ किंवा रानडुक्कर असते, म्हणजे शिकारीत किंवा गावाची राखण करताना आलेले मरण. डोक्यावर छत्र कोरले असेल तर माणूस अधिकाराचा. हत्ती असेल तर सामना मोठ्या फौजेशी. आणि क्वचित एखाद्या दगडावर माणूस स्वतःच्याच हाताने स्वतःचे शिर उतरवताना दिसतो. तो देवाला किंवा धन्यासाठी केलेला आत्मबळी असतो. अशा दगडापुढे वीर हा शब्द वापरताना मी जरा अडखळतो, परंतु त्या काळाने त्याला त्याच ओळीत बसवले आहे, एवढे खरे.

साचा मोडण्याचे सर्वांत भव्य उदाहरण मुंबईतच आहे. बोरिवली पश्चिमेकडील एक्सरला सहा मोठे वीरगळ आहेत आणि 1882 साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये त्यांचे सविस्तर वर्णन आहे. एरवी ज्या कप्प्यात घोडा आणि तलवार असायची, तिथे यांतील काही दगडांवर जहाजे आहेत. टोकदार नाळेची, उंच डोलकाठ्यांची, बाजूने वल्ह्यांची ओळ असलेली ही जहाजे आधी रांगेने निघतात, मग एकमेकांना भिडतात, माणसे पाण्यात पडतात, आणि त्यावर पुन्हा ठरलेला स्वर्ग सुरू होतो. इतर दगडांवर जमिनीवरची लढाई आणि हत्ती आहेत. पाथरवटाने वरचे कप्पे जसेच्या तसे ठेवले आणि खालचे तेवढे बदलले, कारण सांगण्यासारखी गोष्ट खालीच घडलेली होती.

ही लढाई कोणती? त्या दगडांवर नावे वाचता येतील असा लेख नाही. देवगिरीचा महादेव यादव (राज्यकाल 1261 ते 1271) आणि उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यातील संघर्षाशी या शिळा जोडल्या जातात. महादेवाचा मंत्री हेमाद्री याने आपल्या प्रशस्तीत सोमेश्वर समुद्रात बुडाला असे लिहून, महादेवाच्या कोपापेक्षा त्याला वडवानल, म्हणजे समुद्राच्या पोटातला अग्नी, बरा वाटला, अशा अर्थाची मल्लिनाथीही केली आहे. हत्ती यादवांचे, जहाजे शिलाहारांची, आणि जागा किनाऱ्याजवळची, असा तो मेळ बसतो. काही अभ्यासक मात्र या शिळा त्याहून बऱ्याच आधीच्या मानतात आणि माळव्याच्या भोज परमाराच्या कोकण स्वारीकडे बोट दाखवतात. मला पहिली जोडणी मोहक वाटते, पण ती जोडणीच आहे हे विसरू नये. मार्गदर्शक मंडळी ती ज्या ठामपणे सांगतात तेवढा ठामपणा दगडात नाही. कदंबांच्या गोव्यातही जहाजातील लढाई कोरलेले वीरगळ मिळाले आहेत, आणि जुने गोवे येथील पुरातत्त्व संग्रहालयात वीरगळांबरोबर सतीशिळाही पाहता येतात. एक्सर पाहिलेल्या माणसाने तिकडे वाकडी वाट करून जावे.

सतीशिळेचे चिन्ह वीरगळाइतके बोलके नाही. ते एकाच अवयवावर थांबते. एक खांब, त्यातून निघालेला आणि कोपरात काटकोनात वळलेला उजवा हात, बोटे वर, तळवा समोर, मनगटापासून चुडा भरलेला. कधी त्या हातात लिंबू असते, कधी शेजारी पती-पत्नीची लहानशी जोडी, कधी घोडा, वर तेच सूर्य-चंद्र. काही वेळा हा हात वीरगळाच्याच एका कडेला कोरलेला आढळतो आणि तो पडला, तिने सहगमन केले, एवढी हकिकत एकाच दगडात पुरी होते. यातील खरे चिन्ह हात नसून बांगड्या आहेत. नवरा मेल्यावर ज्या फुटायच्या त्या इथे अभंग आहेत, म्हणजे ही बाई एक क्षणही विधवा झाली नाही, ती अहेवच गेली, असा दावा हा दगड करतो. आशीर्वाद देणारा तो तळवा गावाने पुढे पूजला, नवसाला पावतो म्हणून त्याला हळदकुंकू वाहिले. मी तो दगड पाहतो तेव्हा मला त्यातील कोरीव काम दिसते, परंतु पुरुषाला जिथे चार कप्पे, शस्त्र, शत्रू, वाहन आणि देव मिळाला तिथे स्त्रीच्या वाट्याला एक हात आला, हेही दिसते. तिचा चेहरा कोरायची गरज बहुतेकांना भासली नाही. थेऊरला 1772 साली माधवराव पेशव्यांच्या मागे रमाबाई सती गेल्या, त्यांचे स्मारक आहे आणि त्यांचे नावही आपल्याला ठाऊक आहे, पण ते पेशव्यांच्या घरातील नाव म्हणून. 1829 च्या बंगालमधील कायद्यापाठोपाठ 1830 मध्ये मुंबई इलाख्यातही सतीची चाल बेकायदा ठरली. शिळा मात्र उभ्या राहिल्या, आणि त्यांच्यापुढे नारळ फोडताना आपण नेमके कशाला नमस्कार करतो, हे एकदा तरी स्वतःला विचारून पाहावे, असे मला वाटते.

स्त्री आणि पुरुष यांचे स्मारक वेगळे ओळखू यावे ही गरज दख्खनच्या मुसलमानी कबरींनाही होती, आणि तिथे ती फार कमी रेषांत भागवलेली आहे. पुरुषाच्या कबरीच्या माथ्यावर लांबट उंचवटा असतो, त्याला कलमदान म्हणतात. स्त्रीच्या कबरीचा माथा पाटीसारखा सपाट असतो, ती तख्ती. माणसाचे चित्र कोरायचे नाही हे बंधन पाळून इतके सांगणे मला वाखाणण्यासारखे वाटते. उलट खुलताबादला औरंगजेबाची कबर त्याच्या इच्छेप्रमाणे छतावाचून, मातीचीच राहिली. भोवतालची संगमरवरी जाळी ही पुढच्या लोकांची भर आहे.

मराठेशाहीत आपल्याकडे समाधीची पद्धत रूढ झाली आणि वीरगळाची सगळी भाषा बदलली. लढाई गेली, अप्सरा गेल्या. चौथरा, त्यावर शिवलिंग किंवा पादुका, नाहीतर तुळशीवृंदावन एवढेच राहिले. कृष्णा-वेण्णांच्या संगमावर माहुलीला छत्रपती शाहूंच्या समाधीवर लिंग आहे. तिथेच त्यांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याचेही दगडी स्मारक दाखवतात, आणि या कुत्र्याने शाहूंना वाघापासून वाचवले होते असे सांगतात. वीरगळात देव शेवटच्या कप्प्यात भेटत असे. समाधीत मेलेला माणूस आणि देव एकाच चौथऱ्यावर आले, आणि मधला सारा प्रवास पुसला गेला.

वीरगळाचे चिन्ह मात्र संपले नाही, ते घरात शिरले. देव्हाऱ्यात खंडोबा, भवानी, जोतिबा यांच्या चांदीच्या टाकांशेजारी वीराचा टाक असतो. त्यावर बहुधा घोड्यावर बसलेला, हाती शस्त्र घेतलेला पुरुष ठोकलेला असतो. घराण्यात कोणी लढाईत किंवा अकाली गेला असेल तर त्याच्या नावाने तो पुजला जातो, आणि तीन-चार पिढ्यांत नाव गळून केवळ ‘वीर’ उरतो. लग्नाआधी त्याला बोलावणे करायचे एवढे घरातील बायकांना पक्के ठाऊक असते. नाशकात धुळवडीला निघणारी दाजिबा वीराची मिरवणूक हेही याच नात्याचे जिवंत रूप आहे. दगडावरही तेच घडले: शेंदराची पुटे चढत गेली, खालचे कोरीव काम बुजले, आणि कोणाचा तरी मुलगा असलेला तो माणूस गावाचा म्हसोबा नाहीतर वेताळ झाला. शेंदराबद्दल माझी फारशी तक्रार नाही, कारण शेंदराच्या कवचाखाली दगड पुष्कळदा सुरक्षित राहतो आणि कवच कधीतरी आपसूक निखळतेही.

तक्रार आहे ती हल्लीच्या सुशोभीकरणाविषयी. ऑइलपेंटचे हात दिलेले, अप्सरांना गुलाबी आणि घोड्याला निळा रंग फासलेले वीरगळ मी पाहिले आहेत. खरवडताना बेसाल्टचे पापुद्रे उडालेलेही पाहिले आहेत. छायाचित्रात उठाव यावा म्हणून खडू किंवा रांगोळी घासणारे हौशी लोकही कमी नाहीत, वास्तविक बाजूने धरलेली एक बॅटरी किंवा सकाळचे तिरपे ऊन एवढ्यावर काम भागते. पण सर्वांत जास्त नुकसान सिमेंट करते. एका देवळाच्या आवारात फरशी बसवताना विखुरलेले वीरगळ गोळा करून, ओळीने, एका उंचीचे दिसावेत म्हणून कमी-अधिक खोल गाडून टाकलेले मी पाहिले. ज्यांनी ते केले त्यांचा हेतू चांगलाच होता, आणि ओळ खरोखर नीटनेटकी दिसते. फक्त उंच दगडांचा तळाचा कप्पा काँक्रीटखाली गेला आहे. वर अप्सरा आहेत, लिंग आहे, कलश आहे, म्हणजे सर्वांचे सारखे असते ते सगळे शाबूत आहे. गाई होत्या, डुक्कर होते की जहाज, ते आता तो चौथरा फोडल्याखेरीज कळणार नाही. आपल्या गावी असे काम निघणार असेल तर गवंडी येण्याआधी प्रत्येक दगड पायथ्यापर्यंत मोकळा करून त्याचे फोटो काढावेत, तो कुठे आणि कोणत्या दिशेला तोंड करून उभा होता ते वहीत लिहावे, आणि बसवताना तळाची चौकट फरशीच्या वर राहील एवढे गवंड्याला दोनदा सांगावे.